हिमाच्या पोटातील दुबळा थर

हिमालयातील हिमलोटांविषयी बोलण्यापूर्वी एका शब्दाची अडचण दूर केली पाहिजे. आकाशातून भुरभुरत येणारे आणि पाणी गोठून दगडासारखे घट्ट होणारे, या दोहोंनाही आपण मराठीत सरसकट ‘बर्फ’ म्हणतो. पहिल्याला मी येथे ‘हिम’ म्हणेन. अनुवादकाची ही खोड आपण चालवून घ्यावी.

उतारावर साचलेले हिम एकजिनसी नसते. प्रत्येक हिमवृष्टी आपला एक थर मागे ठेवून जाते आणि तो थर पुढे आतल्या आत बदलत राहतो. लडाखसारख्या प्रदेशात हिम त्या मानाने कमी पडते, थंडी मात्र कडाक्याची. हिमाचा तळ पृष्ठभागापेक्षा पुष्कळच उबदार असतो. थोड्या जाडीत तापमानाचा एवढा फरक पडला, की तळच्या हिमाची वाफ वर सरकू लागते व वाटेत पुन्हा गोठते. जुने कण झिजून मोठे, पैलूदार, काही तर पेल्याच्या आकाराचे कण तयार होतात. ओंजळीत घेतले तर ते साखरेसारखे निसटतात. एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यांवर नवे हिम पडते, वारा पलीकडच्या उतारावरचे हिम आणून त्यात भर घालतो आणि घट्ट लादी तयार होते. वाळूवर फरशी ठेवावी, तशी.

म्हणजे हा दुबळा थर वादळात नव्हे, तर निरभ्र, गारठलेल्या रात्रींत घडतो! पीर पंजालमध्ये हिम भरपूर व थंडी सौम्य, म्हणून तेथे मुख्य धोका हिमवृष्टी चालू असताना आणि लगेच नंतर असतो. कोरड्या, थंड पट्ट्यात मात्र तो आठवडेच्या आठवडे दबा धरून बसतो.

मार्च १९७९ मध्ये लाहौलच्या खोऱ्यात हिमलोटांनी दोनशेच्या आसपास माणसे घेतली. परंतु केवळ हिवाळ्याचे महिने मोजून भागत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी गढवालमधील ‘द्रौपदी का डांडा’ शिखरावर प्रशिक्षणार्थी गिर्यारोहकांची तुकडी हिमलोटात सापडली व पंचवीसहून अधिक जणांचा अंत झाला.

लादीचे हिमलोट बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतात. चालायला मोहक वाटणारे उतार नेमके हेच. शिवाय, आल्प्स व अन्यत्रच्या नोंदी सांगतात की, सापडलेल्या गिरिभ्रमकांपैकी बहुतेकांवर कोसळलेला लोट त्यांच्या स्वतःच्या वा सोबत्याच्या भारानेच सुटलेला होता. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज येऊन हिम किंचित खचले, तर खालचा थर मोडला असे समजावे आणि उतार सोडावा. गाडला गेलेला मनुष्य वाचण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच खरी. तेवढ्या वेळात बाहेरची मदत क्वचितच पोहोचते. म्हणून प्रत्येकाजवळ संकेत देणारे व टिपणारे यंत्र, शोधकाठी आणि फावडे असावे लागते. आणि ते फावडे आधीच, सुरक्षित जागी खड्डा खणून थर तपासण्यासाठीही वापरावयाचे असते.