मडकें वाजवून घ्यावें

फ्रान्स देशांत तुलूज शहरीं ज्यां कालास नांवाचा प्रॉटेस्टंट पंथाचा कापडवाला राहत असे. १७६१ सालीं त्याचा मुलगा घरांत मेलेला आढळला. मुलगा कॅथलिक होणार म्हणून बापानेंच मारिला, अशी आवई उठली. न्यायाधीशांनीं तीच खरी मानून १७६२ सालीं म्हाताऱ्यास हाडें मोडून ठार करविलें.

व्हॉल्तेअर या लेखकानें पुरावा मागितला, लेखणी झिजविली. १७६५ सालीं कालास निर्दोष ठरला. गेलेला जीव मात्र परतला नाहीं.

व्हॉल्तेअर देव मानीत असे. त्याचें भांडण देवाशीं नव्हे, धर्माच्या नांवावरील आंधळ्या द्वेषाशीं होतें.

आम्ही इतकेंच सांगतों: बाजारांत मडकें वाजवून घेतां, तशी आवईही वाजवून घ्या. मडकें फुटकें निघालें तर दोन पैसे जातात. येथें माणूस जातो.