विज्ञानाची झूल

पोळ्याला आपण बैलाच्या पाठीवर झूल घालतो, शिंगे रंगवतो. पण झुलीखाली बैल असतो तो रोजचाच. १९९८ साली दूरदर्शनवर लागलेली ‘कॅप्टन व्योम’ ही हिंदी मालिका आठवली की मला ती झूल आठवते.

कथा इ. स. २१२३ मधली. गुरूच्या एका उपग्रहावरील तुरुंगातून बारा अट्टल गुन्हेगार निसटतात आणि व्योम त्यांच्या मागे लागतो. दिग्दर्शक केतन मेहता, नायक मिलिंद सोमण. अकोल्याकडच्या खेड्यांत जिथे केबल पोचली नव्हती, तिथेही अँटेना फिरवून आम्ही शाळकरी पोरे टीव्हीपुढे बसत असू. संगणकावर रचलेली अवकाशयाने आपल्या पडद्यावर तोवर क्वचितच दिसली होती. तेवढे श्रेय द्यायलाच हवे.

मग बिनसले कोठे? कुणी म्हणतात, पैसा तोकडा पडला, देखावे पुठ्ठ्याचे वाटतात. मला हे पटत नाही. झाडीपट्टीत रंगवलेल्या पडद्यापुढे रात्रभर नाटक चालते आणि प्रेक्षक जागचा हलत नाही! खोट कथेतच आहे. बारा जण पळाले, एकेकाला पकडायचे. गुरूऐवजी चंबळचे खोरे घ्या, यानाऐवजी घोडे आणा. कथेचे काय अडते? आमच्यातल्याच एका पोट्ट्याने तेव्हा विचारले होते, “काऊन रे, तिथं वजन कमी भरते ना? मंग हे इथल्यासारखेच कसे चालतात?” त्याला उत्तर कुणीच दिले नाही, ना मालिकेने, ना आम्ही.

आता गुरूचेच पाहा. तिथून निघालेला प्रकाश आपल्याकडे यायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो, आणि रेडिओचा संदेशही त्याच वेगाने येणार. म्हणजे तिकडे तुरुंग फुटला, शिपायाने विचारले “काय करू?”, तर उत्तर मिळेपर्यंत तास उलटून गेलेला. केवढे नाट्य आहे यात! पण मालिकेची सारी भिस्त हाणामारीवर.

मराठी वाचकाला हे अधिक लागते, कारण त्याने याहून सरस पाहिले होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखक होते जयंत विष्णू नारळीकर; आद्याक्षरे उलटी केलेली, बरे का! त्या कथेतून विज्ञान काढले, तर कथाच उरत नाही.

शिक्षकबंधूंनो, गुरूपर्यंत जायलाही नको. आपल्या बुलढाण्यातल्या लोणारला अवकाशातून आलेला पाषाण बेसाल्टच्या कातळावर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर पडले. मुलांना तिथे काठावर बसवा आणि विचारा : असा पाषाण पुन्हा येतोय हे वर्षभर आधी कळले, तर अमरावती आणि अकोल्याची माणसे कुठे न्यायची? गुरेढोरे कुठे? आणि आपले गाव सोडायला कोण कोण तयार होणार नाही?