लॉगिन कुणाचं, अर्ज कुणाचा?

 

"माझा अर्ज मोबाईलमध्ये दिसत नाही, म्हणजे गेला का?" असं गटाच्या बैठकीत पुष्कळ जणी विचारतात. म्हणून आज बघू, ॲप आपल्याला ओळखतं कसं.

जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज नारीशक्ती दूत ॲपवर भरायला सुरुवात झाली. मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी टाकायचा, मग नाव, जिल्हा, तालुका भरून प्रोफाईल करायचं. गावात सगळ्यांकडे कुठं स्मार्टफोन? म्हणून अंगणवाडी सेविकांनी, गटातल्या शिकलेल्या पोरींनी स्वतःच्या लॉगिनवरून शेजारणींचेही अर्ज भरले. ॲपमध्ये तशी सोय होतीच.

पण ॲप काही चेहरा बघत नाही. ओटीपी टाकून जो आत येतो, त्याला एक ओळख क्रमांक असतो आणि पुढचं सगळं काम त्या क्रमांकाखाली जमा होतं. डेअरीत कॅन कुणीही आणू दे, दूध कोड नंबरवरच चढतं, तसंच हे. सेविकेनं भरलेला तुमचा अर्ज 'यापूर्वी केलेले अर्ज' या यादीत तिच्याच लॉगिनला दिसायचा. तुमच्या नंबरनं उघडलं तर यादी कोरी. अर्ज हरवलेला नसायचा, दुसऱ्याच्या खात्यात असायचा.

पैसे मात्र लॉगिनवर येत नाहीत. महिन्याचे १,५०० रुपये आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात. २०२५ मध्ये ई-केवायसी आली, तिचा ओटीपीही आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर पोराचा असेल आणि पोरगा पुण्याला, तर ओटीपीही पुण्यालाच जाणार! जमेल तिनं आधारला स्वतःचा नंबर जोडून घ्या.

गटाच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढं तीन गोष्टी लिहा: अर्ज कोणत्या नंबरच्या लॉगिनवरून भरला, अर्ज क्रमांक काय आणि आधारला कोणता नंबर आहे. कुठलंही ॲप उघडलं की आधी प्रोफाईलमध्ये नाव कुणाचं आहे ते बघा. दुसरीच्या फोनवर काम केलंत तर लॉगआऊट करूनच फोन परत द्या.

आणि "अर्ज शोधून देतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. ओटीपी सांगितला की तो माणूस तुमच्या नावानं आत गेलाच म्हणून समजा.

येते, नमस्कार.