शून्य रिझल्ट, एरर एकही नाही : टाइप-सेफ सर्चची गोष्ट

आजचा विषय जरा टेक्निकल आहे, पण सुरुवात चादरीपासून करतो. सोलापुरात बसून बोलतोय म्हटल्यावर दुसरं काय होणार!

इथल्या एका चादर-टॉवेलच्या होलसेल व्यापाऱ्यासाठी मी वेबसाइट केली होती. वर सर्चचा डबा आणि बाजूला किंमतीचा फिल्टर. मागं इलॅस्टिकसर्च. साइट सुरू झाली, सगळे खूश. पुढं जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत, शेटचा फोन आला. "काय ओ इंजिनियर, एक गिऱ्हाईक विचारतंय, तुम्ही भारी माल ठेवत नाही का म्हणून. आपली बाराशेची चादर दिसत नाही म्हणतंय की!"

मी साइट उघडली. "चादर" टाकलं, सगळं दिसलं. मग "300 रुपयांच्या वर" हा फिल्टर लावला. साडेचारशेचा टॉवेल सेट दिसला. बाराशेची चादर गायब, पंधराशेची गायब. लॉग बघितले तर एकही एरर नाही. सर्व्हर म्हणतोय, सगळं ओके, स्टेटस 200.

आता हे का झालं ते नीट ऐका, कारण ही चूक कुणाकडूनही होऊ शकते.

इलॅस्टिकसर्च म्हणजे काय? पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, हा शब्द अमुक पानांवर, तशी सूची तो आपल्या डेटाची करून ठेवतो. ही सूची करायचं काम ल्युसीन नावाची लायब्ररी करते, ती डग कटिंगनं 1999 च्या सुमारास लिहिली. शाय बॅनननं तिच्यावर इलॅस्टिकसर्च उभं केलं आणि 2010 मध्ये लोकांसमोर आणलं. त्याची बायको लंडनमध्ये स्वयंपाक शिकत होती, तिच्या रेसिपी शोधता याव्यात म्हणून त्याचा सर्चचा नाद सुरू झाला, असं सांगतात.

तर या सूचीत प्रत्येक फिल्डचा एक प्रकार ठरलेला असतो. हा आकडा, हा मजकूर, ही तारीख. त्याला म्हणतात मॅपिंग. तुम्ही मॅपिंग दिलं नाही, तर पहिला डॉक्युमेंट बघून तो स्वतःच अंदाज बांधतो. मी मॅपिंग दिलंच नव्हतं. एक्सेल शीटमधून किंमत वाचली, ती आली अवतरणचिन्हात, म्हणजे 1200 हा आकडा नाही तर "1200" हा मजकूर. इलॅस्टिकसर्चनं मुकाट्यानं ठरवलं, किंमत म्हणजे मजकूर.

आणि मजकुराची तुलना शब्दकोशासारखी होते. पहिलं अक्षर बघायचं. "1200" मधला 1 आणि "300" मधला 3. एक तीनच्या आधी येतो, म्हणून बाराशे हे तीनशेपेक्षा लहान! साडेचारशे मात्र मोठे. यंत्रानं विचारलं त्याचंच उत्तर दिलं. मीच चुकीचं विचारलं होतं.

मी शेटना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे दुकान उघडं होतं, पण शटर अर्धं खाली होतं." अठरा दिवस. किती गिऱ्हाईकं बघून निघून गेली, याचा लॉग कुठंच नाही. हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

त्यानंतर मी कोड टाइपस्क्रिप्टमध्ये आणला आणि इलॅस्टिकसर्चचा अधिकृत क्लायंट त्याच्या टाइपांसकट वापरायला लागलो. आठव्या आवृत्तीपासून तो टाइपस्क्रिप्टमध्येच लिहिलेला आहे. फायदा काय? "मॅच"चं स्पेलिंग चुकलं की एडिटरमध्येच लाल रेघ. उत्तराला "चादर" हा टाइप दिला की किंमत नंबर आहे हे कंपाइलरला कळतं. उत्तरातला मूळ डॉक्युमेंट कधी कधी नसूही शकतो, तर तो आधी तपासा असंही तो बजावतो. एक्सेलमधला मजकूर नंबरच्या जागी टाकायला गेलो की तिथंच अडवतो. फक्त मध्ये कुठं "एनी" लिहू नका. एनी म्हणजे वॉचमनला सुट्टी.

पण मंडळी, आता खरी गोम. टाइप-सेफ म्हटलं की आपण निर्धास्त होतो, आणि तिथंच फसतो.

एक. फिल्डचं नाव क्लायंटसाठी साधी स्ट्रिंगच असते. "किंमत"ऐवजी "किमंत" लिहिलं तरी कंपाइलर गप्प. सर्व्हरही गप्प, तो शून्य रिझल्ट देतो. म्हणून मी एक छोटं फंक्शन लिहिलं, जे "कीऑफ" वापरून फक्त चादर टाइपमधलीच नावं स्वीकारतं.

दोन. टाइपस्क्रिप्टचे टाइप कंपाइल झाल्यावर पुसले जातात. प्रोग्रॅम चालू असताना इंडेक्समध्ये खरंच काय आहे, हे कुणी तपासत नाही. तुमचा टाइप हे तुमचं म्हणणं आहे, पुरावा नाही. बाहेरून येणारा डेटा झॉडसारख्या लायब्ररीनं आत घेतानाच तपासा.

तीन. मॅपिंग स्वतः लिहा आणि डायनॅमिक स्ट्रिक्टवर ठेवा. मग अनोळखी फिल्ड आलं की इलॅस्टिकसर्च डॉक्युमेंटच नाकारतो. किंमत इंटिजर ठेवली की "1200" तो समजून घेतो, पण "1,200/-" आलं की ओरडतो. ओरडू दे. ओरडणारी चूक परवडते, गप्प बसणारी नाही.

आणि चुकीचं मॅपिंग नंतर जागच्या जागी बदलत नाही हं. नवा इंडेक्स करायचा, त्यात सगळा डेटा रीइंडेक्स करायचा आणि एलियस नव्याकडे वळवायचा. मी तेच केलं, साइट एक मिनिटही बंद ठेवावी लागली नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या भाषेचा. इलॅस्टिकसर्चमध्ये हिंदी आणि बंगालीसाठी तयार अॅनालायझर आहेत, मराठीसाठी नाही. "चादर" शोधलं तर "चादरी", "चादरीचा" हे त्याला वेगळेच शब्द वाटतात. इथं सगळे टाइप बरोबर असतात, कंपाइलर हिरवा असतो, तरी गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जातं. हे कुठलीही लायब्ररी सांगणार नाही. त्यासाठी आपल्या माणसांसारखं टाइप करून बघावं लागतं.

म्हणून आता मी रोज रात्री एक टेस्ट चालवतो. "300 च्या वर" फिल्टर लावायचा आणि बाराशेची चादर दिसते का बघायचं. नाही दिसली तर मला मेसेज येतो. शेटचा फोन यायच्या आधी.

तुमच्या कोडमध्ये असं अर्धं शटर कुठं आहे का, आज एकदा बघा. पुढच्या भागात या मराठी अॅनालायझरवरच बोलू. तोपर्यंत काळजी घ्या, भेटू!