बुटांसाठी कर्ज

पुण्यातल्या आमच्या वस्तीच्या बचत गटात मागच्या महिन्यात एक अर्ज आला. 1200 रुपये, मुलीच्या फुटबॉलच्या बुटांसाठी. अर्ज करणारी ताईच ओशाळून म्हणाली, "पोरगी पंधराची झाली. आता किती दिवस खेळणार? गोल तरी कुठं करते? मधल्या मधेच पळत असते."

शिलाई मशीन, भाजीची गाडी, दवाखाना यांना आम्ही कर्ज देतो. बुटांना कधी दिलं नव्हतं.

मग आम्ही जी सो-यूनची गोष्ट काढली. ती दक्षिण कोरियाची, मधल्या फळीत खेळणारी. मधल्या फळीनं मागून आलेला चेंडू घ्यायचा, मोकळी असेल तिच्याकडे द्यायचा, पुन्हा मागे पळत यायचं. गोल बहुतेक वेळा दुसरीच्या नावावर. (घरातलं काही आठवलं ना?) देशाकडून ती पहिल्यांदा खेळली 2006 मध्ये, वय 15! पुढे जपानमध्ये कोबेला, 2014 पासून इंग्लंडच्या चेल्सी संघात. 2015 मध्ये तिथल्या खेळाडूंनीच मतं देऊन तिला वर्षातली सर्वोत्तम ठरवलं.

आणि 30 जानेवारी 2022 ला ती आपल्या बालेवाडीत होती. आशियाई स्पर्धा, समोर ऑस्ट्रेलिया. सामना संपत आला तरी गोल नाही. 87 व्या मिनिटाला तिनं लांबून मारलेला चेंडू थेट जाळ्यात. त्या एका गोलानं कोरिया विश्वचषकाला पात्र ठरला. तेव्हा तिचं वय 30.

आपल्या मुलींना त्या स्पर्धेतून करोनामुळे मधूनच बाहेर पडावं लागलं, ते अजून सलतं. पण 2025 मध्ये थायलंडला 2-1 हरवून भारत पुन्हा आशियाई स्पर्धेत पोचला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि तीही मधल्या फळीतलीच.

आमच्या खजिनदार मावशी म्हणाल्या, "सगळ्याच पोरी तिथं पोचत नाहीत. बूट वर्षभरात लहान होतील." खोटं नव्हतं ते. तरी ठराव झाला: दोनशेचे सहा हप्ते, व्याज सगळ्यांसारखंच.

खरी अडचण नंतर निघाली. सराव पहाटे साडेपाचला, रस्त्यावर दिवे नाहीत. आमच्यातल्या दोघी त्याच वेळी कामाला निघतात. आता पोरगी त्यांच्याबरोबर मैदानापर्यंत जाते.