एकच पाय सुजला तर

आज एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. एकच पाय एकाएकी सुजला, पोटरी दुखू लागली, हाताला गरम लागली, तर तो पाय चोळायचा नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

अंबड, घनसावंगी, परतूरकडच्या मंडळींना जायकवाडीच्या डाव्या कालव्याची चारी ठाऊक आहे. पाणी वाहतं तोवर चारी साफ. तुंबलं की गाळ बसला. पायातल्या खोल शिरांचंही तसंच. चालताना पोटरी आवळते आणि रक्त वर ढकलते. माणूस अंथरुणाला खिळला की तो रेटा थांबतो आणि शिरेत रक्ताची गाठ धरते. मांडीचं हाड मोडलेला, मोठं ऑपरेशन झालेला, कर्करोगाचा रोगी यांना हा धोका असतोच. पण बाळंतिणीची आठवण कुणाला राहत नाही. तिला बाळंतपणानंतर सहा आठवडे हा धोका असतो, सिझेरियन झालं असेल तर अधिक. आणि आपण काय करतो? सव्वा महिना तिला खाटेवरून उठू देत नाही, पाणीही मोजून देतो. आजीबाई, तुमची माया मला कळते. पण तिला उठवा, घरातल्या घरात चालवा, पोटभर पाणी द्या.

आणि पाय सुजला तर मालिश नको! चारीतलं ढेकूळ सुटलं तर वाहत जाऊन पुढच्या मोरीत अडकतं. पायातली गाठ सुटली तर फुप्फुसात जाऊन अडकते. एकदम धाप लागते, छातीत कळ येते, भोवळ येते, जीवही जातो. अशा वेळी 108 ला फोन करा, वाट पाहू नका.

तपासणी अवघड नाही. कलर डॉपलर सोनोग्राफीत शीर वरून दाबून पाहतात. मोकळी शीर चपटी होते, गाठीची होत नाही. सुई नाही, चिरफाड नाही. गाठ निघालीच तर आधी बहुधा हेपरिनची इंजेक्शनं, मग गोळ्या, निदान तीन महिने. ही औषधं गाठ विरघळवत नाहीत. नवा गाळ बसू देत नाहीत, जुना शरीर हळूहळू आपणच काढतं. म्हणून सूज उतरली तरी गोळी आपल्या मनानं सोडायची नाही. हेपरिन किंवा वॉरफेरिनची गोळी चालू असताना बाळाला अंगावर पाजता येतं, त्या भीतीनंही सोडायची नाही. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी रक्ताची आयएनआर, म्हणजे गोठण्याची, तपासणी वेळेवर करावी. त्यांनी मेथी-पालक एकदम वाढवू नये, एकदम बंदही करू नये.

म्हणून शेवटी पुन्हा तेच. एकच पाय सुजला तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘शिरेत गाठ तर नाही ना?’