आधी बसला वाट द्या



मी आज पुण्यापुरतेच बोलणार आहे. आपल्या नगररचना आणि वाहतुकीच्या क्षेत्रात गेल्या दोन दशकांत जे जे योजले गेले, ते जवळपास सगळे या शहराने करून पाहिले आहे.

२००६ साली केंद्राचे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आले. रस्ता आखताना वाहनांची नव्हे, माणसांची ये-जा डोळ्यांपुढे ठेवा, असे त्याने बजावले. त्याच वर्षाच्या अखेरीस सातारा रस्त्यावर बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतली जलद बससेवा, धावू लागली. देशात पहिल्यांदा हे धाडस पुण्याने केले, याचा मला आजही अभिमान आहे. पण मार्गिका सलग नव्हती. जिथे ती संपे तिथे बस पुन्हा गर्दीत अडके, दुचाक्या बिनदिक्कत आत घुसत आणि रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यावर पोचताना म्हाताऱ्या माणसांना जीव मुठीत धरावा लागे. अहमदाबादने २००९ मध्ये ‘जनमार्ग’ सुरू केला, तेव्हा मार्गिका बंदिस्त ठेवली, स्थानकाचा फलाट बसच्या दाराशी समतल बांधला आणि कारभारासाठी वेगळी कंपनी नेमली. आपण मात्र पुढे नगर रस्त्यावरची मार्गिका उखडली आणि ‘पुण्यात बीआरटी चालत नाही’ असा निकाल देऊन मोकळे झालो. हा निकाल मला मान्य नाही. अर्धवट केलेल्या कामावरून कल्पनेलाच दोषी ठरवणे हे आपल्या व्यवसायाला शोभत नाही.

उड्डाणपुलांना मात्र आपण अशी कठोर परीक्षा कधीच लावली नाही. विद्यापीठ चौकातले पूल उभारून वीस वर्षेही झाली नव्हती, तोच २०२० मध्ये ते पाडावे लागले, कारण मेट्रो आणि नव्या दुमजली पुलाला जागा हवी होती. तरी उड्डाणपूल पुण्यात चालत नाहीत, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारातून स्वारगेटपर्यंत पोचली. जुन्या पेठांच्या आणि मुठा नदीच्या खालून बोगदा नेणाऱ्या अभियंत्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण प्रवासी स्थानकातून वर येतो, तेव्हा पुढचे दोन किलोमीटर त्याने कसे जायचे? फूटपाथवर गाड्या लावलेल्या, आणि बस कधी येईल याचा भरवसा नाही. मग तो दुसऱ्या दिवशी दुचाकीच काढतो.

लाख लोकसंख्येमागे ६० बस हव्यात, असा केंद्राचा मापदंड आहे. शहराची बससेवा चालवणारी पीएमपी सध्या त्याच्या निम्म्याच्या आसपास रेंगाळते. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या परिवहन सेवा एकत्र करून ती स्थापन झाली, पण तिचा तोटा आजही दरवर्षी अपराधासारखा मोजला जातो. रस्त्याच्या डांबरीकरणातून किती नफा झाला, असे मात्र कोणी विचारत नाही!

आणखी एक गोष्ट तरुण सहकाऱ्यांना मुद्दाम सांगतो. आपली प्रारूपे सकाळ-संध्याकाळच्या नोकरदार गर्दीवर बेतलेली असतात. भर दुपारी चार सोसायट्यांमध्ये पायी फिरून घरकाम करणारी, वाटेत मुलाला शाळेतून घेणारी, भाजी घेऊन परतणारी बाई त्या आकड्यांत जवळजवळ दिसत नाही. तिचे फेरे तुटक आणि आखूड असतात. प्रत्येक वेळी बस बदलताना नवे तिकीट काढणे तिला परवडत नाही, म्हणून ती चालते. आराखडा तिच्यापासून सुरू केला, तर तिकीट अंतरावर नको, ठरावीक वेळेपुरते हवे आणि फूटपाथ अखंड हवा, या गोष्टी परिशिष्टातून उठून पहिल्या प्रकरणात येतील.

म्हणून उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. यापुढे कोणत्याही नव्या उड्डाणपुलाच्या प्रस्तावासोबत, तेवढ्याच पैशांत त्याच रस्त्यावर सलग बस मार्गिका आणि फूटपाथ केल्यास तासाला किती माणसे जातील, याचा हिशोब जोडणे बंधनकारक असावे आणि तो हिशोब मंजुरीआधी नागरिकांसमोर ठेवावा. आपण सर्वांनी त्यावर कसून चर्चा करावी, त्रुटी दाखवाव्यात आणि पटला तर एकमुखाने मंजूर करावा, अशी माझी विनंती आहे.